करी रोडवर ब्लॉकचेन: चार धंद्यांची एक वही उभारण्याची कृती

मुंबईतल्या करी रोड स्टेशनच्या आजूबाजूच्या ज्या दुकानदाराने गिऱ्हाइकांना दिवाळीच्या सवलतीचा एसएमएस पाठवला असेल, त्याने ब्लॉकचेन वापरलेली आहे. कुणी त्याला तसे सांगितले नसेल, एवढेच. दूरसंचार नियामक ट्रायने जुलै २०१८ मध्ये नियम केले आणि व्यापारी संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला 'डीएलटी'वर, म्हणजे ब्लॉकचेनच्या जातीच्या सामायिक वहीवर, आपले नाव, हेडर (संदेशावर दिसणारी पाठवणाऱ्याची खूण) आणि मजकुराचा साचा नोंदवणे भाग पडले. नोंदणी एका मोबाइल कंपनीकडे करायची आणि ती बाकीच्यांनी मानायची. एकमेकींची गिऱ्हाइके पळवणाऱ्या कंपन्यांनी वही मात्र सामायिक ठेवायची, आणि ती त्यांच्यातल्या कुणा एकीच्याच कपाटात असायची नाही, अशी ही योजना. पुण्याच्या टेक महिंद्राने त्यासाठी जी प्रणाली बांधली तिचा पाया हायपरलेजर फॅब्रिक हा होता.

फॅब्रिक म्हणजे धंद्यांसाठी बनवलेली ब्लॉकचेन. तिच्यात नाणे नाही, खाणकाम नाही, आणि अनोळखी माणसाला प्रवेश नाही. लिनक्स फाउंडेशनने डिसेंबर २०१५ मध्ये हायपरलेजर प्रकल्प जाहीर केला. आयबीएम आणि डिजिटल ॲसेट यांनी दिलेल्या कोडमधून फॅब्रिक आकाराला आले आणि जुलै २०१७ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. अपाचे २.० परवान्याखाली हा कोड कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा, धंद्यात वापरावा. पैसे लागत नाहीत. लागतो तो शेजाऱ्यांशी समझोता, आणि खालच्या कृतीतला निम्मा वेळ त्यातच जाणार आहे.

उदाहरण लालबागच्या मिरची-मसाल्याचे घेतो. ते कल्पित आहे. स्टेशनातून पूर्वेला उतरून महादेव पालव मार्गाने पाच-दहा मिनिटे चालले की उन्हाळ्यात मसाला कुटणाऱ्या डंकांचा ठोका आणि नाकातला ठसका दोन्ही भेटतात, म्हणून ते निवडले. मंडळी चार: वाशीच्या बाजार समितीतला मिरचीचा घाऊक व्यापारी, लालबागचा मसाल्याचा दुकानदार, डंक चालवणारा, आणि मिरचीत रंगाची भेसळ किंवा बुरशीचे विष नाही ना हे तपासणारी प्रयोगशाळा. गिऱ्हाईक आहे दुबईतला किराणा दुकानदार, ज्याला दाखल्याशिवाय माल नको.

१. रोग आहे का ते आधी बघा

ब्लॉकचेन एका रोगावर चांगली लागू पडते. एकच कागद दोन ठिकाणी दाखवला जातो, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांची वही दिसत नाही, हा तो रोग. आपल्या उदाहरणात पाचशे किलो मिरचीचा दाखला सातशे किलोच्या मसाल्यामागे लावला जातो. रोग हाच असेल तर पुढे वाचा.

बिलांच्या धंद्यात तो जुना आहे. लघुउद्योजक मोठ्या कंपनीला माल देतो आणि बिल गहाण ठेवून पैसे उचलतो. तेच बिल दुसऱ्या दारी नेले तर दुसऱ्या दाराला पत्ता लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ पर्यंत परवाने दिलेले तीन 'ट्रेड्स' (बिलांवर पैसे मिळवून देणारे) बाजार, म्हणजे आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट, हे एकमेकांचे सरळ प्रतिस्पर्धी. २०१८ मध्ये त्यांनी मोनेटागो या कंपनीची ब्लॉकचेनवरची सामायिक नोंद वापरायला घेतली. बिलातला मजकूर एकमेकांना दाखवायचा नाही. त्याचा हॅश, म्हणजे आकड्यांतला ठसा, तेवढा टाकायचा. तोच ठसा दुसऱ्यांदा आला की घंटा वाजते. प्रतिस्पर्ध्याला गिऱ्हाईक न दाखवता चोर पकडता आला, म्हणून तिघे तयार झाले.

आता उलटे उदाहरण. नाशिकची द्राक्षे युरोपला जातात तेव्हा बागेपासून पेटीपर्यंतची नोंद शेतीमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडाच्या ग्रेपनेटवर असते. ही व्यवस्था २००६ पासूनची. तिला ब्लॉकचेन लागली नाही, कारण मधे अपेडा ही सर्वांना मान्य असलेली एक संस्था आहे. तुमच्या चौघांत सगळ्यांचा विश्वास असलेला एखादा काका असेल तर त्याच्या संगणकावर साधी एक्सेल ठेवा आणि हा लेख इथेच मिटा. मी हे गमतीने म्हणत नाही. ब्लॉकचेनच्या नावाखाली उभ्या राहणाऱ्या कित्येक गोष्टी नीट ठेवलेल्या डेटाबेसने भागल्या असत्या.

२. कोडला हात लावण्याआधी ठराव लिहा

मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स सुरू केले. जहाजांच्या कंटेनरांचे कागद एका सामायिक वहीवर आणायचे, पाया फॅब्रिकचाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. कारण सांगितले ते असे की उद्योगातल्या सगळ्यांचे हवे तेवढे सहकार्य मिळाले नाही. कोड चालत होता. पण वही ज्याच्या नावाची, तोच धंद्यातल्या सर्वांत मोठ्या गड्यांपैकी एक, आणि त्याच्या वहीत आपला माल लिहायला बाकीचे सहजी कसे तयार होतील?

म्हणून चौघांनी एका टेबलाशी बसून साध्या मराठीत दोन पानी ठराव करायचा. वकिलाला नंतर दाखवा. त्यात निदान इतके यावे: प्रत्येकाचा स्वतःचा सर्व्हर असेल की कुणाचा कुणाकडे ठेवलेला असेल, महिन्याचा खर्च कसा वाटायचा, पाचवा भिडू घ्यायचा तर किती जणांची संमती हवी, कुणी बाहेर पडला तर त्याच्या जुन्या नोंदींचे काय, आणि वजनावरून भांडण झाले तर कुणाचा काटा अंतिम. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळ खाईल, आणि तो खाऊ द्या. आज लालबागला न मिटलेले भांडण सहा महिन्यांनी कोडमध्ये शिरते, आणि तिथे ते सोडवायला प्रोग्रामरचे पैसे पडतात.

प्रणालीची मालकी कुणा एकाच्या नावे नको. कोड ओपन सोर्स ठेवण्याचा खरा फायदा इथे आहे. व्यापाऱ्याने नेमलेल्या प्रोग्रामरने वहीत चोरवाट ठेवली नाही ना, हे डंकवाल्याचा कॉलेजात जाणारा मुलगाही उघडून बघू शकतो.

३. नोंद एका पानात बसवा

प्रत्येक लॉटसाठी लिहायचे ते एवढेच: लॉटचा क्रमांक, मिरचीची जात, मूळ वजन, उरलेले वजन, दाखल्याच्या पीडीएफचा हॅश, सध्या माल कुणाकडे आहे. दाखला स्वतः साखळीत टाकू नका. तो प्रत्येकाकडे फाइल म्हणून असू द्या. हॅश जुळला की दाखला तोच आहे हे कळते.

वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात. साडेबारा किलो म्हणजे १२५००. दशांशाचे आकडे संगणकात नेमके बसत नाहीत आणि शेवटी पाच-दहा ग्रॅमवरून वाद होतो.

मिरचीचे देठ काढले, ऊन दिले, भाजली, की वजन घटते. ही घट नियमात नसेल तर प्रामाणिक माणूसही पहिल्याच आठवड्यात खोटा ठरेल. दोन-चार पोती सर्वांसमोर मोजा, संकेश्वरी वेगळी, ब्याडगी वेगळी, आणि जातीगणिक घटीची कमाल मर्यादा ठरवा. हे काम कुठलाही सॉफ्टवेअरवाला तुम्हाला करून देणार नाही.

काय लिहायचे नाही, तेही ठरवा. गिऱ्हाइकाचे नाव आणि फोन नंबर साखळीत कधीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, आणि ब्लॉकचेनमधली नोंद पुसता येत नाही. भावही सर्वांना दिसायला नको. व्यापारी आणि दुकानदार यांच्यातला भाव फॅब्रिकच्या 'प्रायव्हेट डेटा' सोयीत ठेवा. मग आकडा फक्त त्या दोघांकडे जातो, बाकीच्यांना हॅश दिसतो. त्यातही एक फट आहे. किलोचा भाव शे-दोनशे ते हजाराच्या आतच असणार, तेव्हा चलाख माणूस सगळे आकडे क्रमाने हॅश करून बघेल आणि भाव ओळखेल. म्हणून भावासोबत दर वेळी अक्षरांची एक लांबलचक आडवीतिडवी माळ, म्हणजे 'सॉल्ट', जोडायची. मसाल्याच्या धंद्यात मीठ विसरणे शोभत नाही.

४. घरच्या संगणकावर खेळण्यातले जाळे

आता प्रोग्रामर लागेल. गो, जावा किंवा जावास्क्रिप्ट येणारा कुणीही चालेल. स्टेशनच्या पश्चिमेला गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत असे शेकडो सापडतील आणि त्यांच्यातले बरेच जण पूर्वेकडच्या चाळींतच राहतात. त्यांना हे पुढचे द्या.

आठ जीबी रॅमवर कसेबसे भागते, सोळा असेल तर बरे. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल २ घाला. मग डॉकर, गिट आणि कर्ल. फॅब्रिकच्या दस्तऐवजात दिलेली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवली की 'फॅब्रिक-सॅम्पल्स' उतरते. त्यात 'टेस्ट-नेटवर्क' नावाच्या फोल्डरमध्ये 'नेटवर्क' नावाची शेल स्क्रिप्ट आहे. तिला 'अप' आणि 'क्रिएट-चॅनल' सांगितले की दोन संस्था, प्रत्येकीचा एक पीअर (वहीची प्रत ठेवणारा संगणक), आणि नोंदी क्रमाने लावणारा एक ऑर्डरर असे छोटे जाळे उभे राहते. 'ॲसेट ट्रान्सफर बेसिक' हा नमुना त्यावर चढवा, एक वस्तू तयार करा, तिचा मालक बदला.

मग ते मुद्दाम मोडा. एक पीअर बंद करून नोंद टाकायचा प्रयत्न करा. एकाच लॉटवर एका क्षणी दोन नोंदी पाठवा आणि त्यातली एक का नाकारली गेली ते समजून घ्या. हे जाळे शिकण्यापुरतेच आहे. त्यालाच रंगरंगोटी करून धंद्यात जुंपू नका.

५. नियम कोडमध्ये उतरवा

फॅब्रिकमध्ये नियमांच्या कोडला चेनकोड म्हणतात. आपला मुख्य नियम एका वाक्याचा: लॉटमधून वापरलेले वजन उरलेल्या वजनापेक्षा जास्त असेल तर नोंद नाकारा. बाकी सगळे याच्या भोवती.

चेनकोड एका ठिकाणी चालत नाही. नोंदीला दुजोरा देणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या पीअरवर तो स्वतंत्रपणे चालतो आणि सर्वांची उत्तरे तंतोतंत जुळावी लागतात. त्यामुळे कोडमध्ये संगणकाचे घड्याळ वापरू नका, कारण वाशीचे आणि लालबागचे घड्याळ काही क्षणांनी वेगळे असेल. व्यवहाराबरोबर आलेली वेळ वापरा. कोडच्या आत यादृच्छिक आकडा काढू नका. वर म्हटलेला सॉल्टही बाहेर, पाठवणाऱ्याच्या ॲपमध्ये तयार करायचा आणि 'ट्रान्झियंट' खात्यातून आत पाठवायचा, म्हणजे तो साखळीत लिहिला जात नाही.

हमखास गफलत होते ती सह्यांची. फॅब्रिकमध्ये 'एंडोर्समेंट' असते, म्हणजे अमुक संस्थांच्या पीअरनी सही केल्याशिवाय नोंद ग्राह्य नाही. लोकांना वाटते ही माणसाची संमती. तसे नाही. ती यंत्राची सही आहे, आणि तिचा अर्थ इतकाच की 'मी तोच कोड चालवला आणि मलाही हेच उत्तर आले'. डंकवाल्याने 'चाळीस किलो कुटले' असे लिहिले आणि दुकानदाराच्या पीअरने सही केली, तरी दुकानदाराने ते चाळीस किलो डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. माणसाची संमती हवी असेल तर ती वेगळी नोंद करा. डंकवाला पाठवतो, लॉट 'मंजुरी बाकी' असा दिसतो, दुकानदार वजन करून मान्य करतो, तेव्हाच उरलेले वजन घटते. एवढे एक ध्यानात ठेवले तरी पुढची अर्धी डोकेदुखी वाचते.

चेनकोड बदलायचा तर एकट्याने बदलता येत नाही. २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक संस्थेने नव्या कोडला आपापली मान्यता द्यावी लागते आणि ठरलेले बहुमत झाले की तो लागू होतो. हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठरावच म्हणा, फक्त इथे सेक्रेटरीला मागच्या तारखेने इतिवृत्त लिहिता येत नाही.

आणि पोत्यात खरेच काय आहे, हे साखळीला कळत नाही. प्रयोगशाळेने नमुना घेतल्यावर पोत्याला क्रमांकाचे सील लावा, तोच क्रमांक लॉटवर घाला. सील तुटले की लॉट बाद.

६. खरे जाळे

चौघांचे चार पीअर, शक्यतो चार वेगळ्या जागी. चौघांनीही एकाच क्लाउड कंपनीच्या एकाच खात्यावर सर्व्हर घेतले तर त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो मालक. मग ठरावातली समानता कागदावरच राहते.

ऑर्डरर किती ठेवायचे, याचे साधे गणित आहे. ऑर्डररांमध्ये एकमत करणाऱ्या राफ्ट पद्धतीत तीन असतील तर एक बंद पडला तरी चालते, पाच असतील तर दोन. पण राफ्ट बंद पडण्यापासून वाचवते, लबाडीपासून नाही. लबाड ऑर्डररला खोटी नोंद घडवता येत नाही, कारण तिच्यावर सह्या नसतील. एखाद्याची खरी नोंद दाबून ठेवणे मात्र त्याला जमते. तेही नको असेल तर २०२४ च्या ३.० आवृत्तीत आलेली स्मार्ट-बीएफटी पद्धत आहे. एका लबाडापासून बचाव हवा तर तिथे निदान चार ऑर्डरर लागतात. फितूर साथीदार धरूनही एकमत कसे करायचे, हे कोडे लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी 'बायझंटाईन सेनापतीं'च्या रूपात १९८२ मध्ये मांडले. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला गिरणगावात, म्हणजे याच भागात, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. फितुरीचा हिशेब इथल्या लोकांना त्या निबंधाची वाट न पाहताही येत होता. सुरुवातीला तीन ऑर्डरर आणि राफ्ट पुरे.

व्याप वाढला आणि कुबरनेटिसवर जायचे ठरले तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनपीसीआयने आपले 'फाल्कन' हे साधन ओपन सोर्स केले आहे. फॅब्रिकचे जाळे उभारायचे हेल्म चार्ट त्यात तयार मिळतात. यूपीआय चालवणाऱ्यांनी स्वतःसाठी बनवलेले साधन चार मसालेवाल्यांना फुकट वापरता येते, ही ओपन सोर्सची मला सर्वांत आवडणारी बाजू.

फॅब्रिक सीएकडून मिळणारी ओळखीची प्रमाणपत्रे नेहमीच्या मांडणीत एका वर्षाने संपतात. ती संपली की जाळे कुरकुर न करता थेट बसते. कालनिर्णयावर महिनाभर आधीच्या तारखेला खूण करा.

७. एक हंगाम जोडीने

मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम. तेवढा काळ जुनी वही आणि नवी साखळी दोन्ही चालू ठेवा, आणि दर शनिवारी दोन्हींतले उरलेले वजन ताडून बघा. फरक निघाला तर आधी माणसाला विचारा, मग कोडला.

८. घेतले तसे परत द्या

कोड फुकट मिळाला म्हणून परत काही द्यायची कायद्याने सक्ती नाही. अपाचे परवाना एवढेच मागतो की कोड पुढे देताना परवान्याची प्रत आणि मूळ सूचना सोबत ठेवा, आणि बदललेल्या फायलींवर बदल केल्याचे लिहा. तरी परत द्यावे, आणि त्यात स्वार्थ आहे. फॅब्रिकमध्ये केलेली दुरुस्ती तुम्ही स्वतःपाशी ठेवली, तर दर नव्या आवृत्तीला ती पुन्हा हाताने चिकटवावी लागते. मूळ प्रकल्पात गेली की ती सांभाळायचे ओझे सर्वांचे होते. मसाल्याचे प्रमाण, भावाचे नियम हे तुमचे. ते घरात ठेवा. लॉटमधले उरलेले वजन मोजणारा सर्वसाधारण चेनकोड मात्र उघडा करायला हरकत नाही. उद्या वायगावची हळद विकणारा तो उचलेल आणि त्यातली चूक तुम्हाला कळवेल.

पहिले योगदान लहान असू द्या. गिटहबवर फॅब्रिकच्या रिपॉझिटरीत नवख्यांसाठी खूण केलेले मुद्दे असतात. त्यातला एक निवडा आणि 'मी हे करतो' असे तिथेच लिहा. दस्तऐवजातली चुकीची पायरी सुधारणे हे उत्तम पहिले काम, कारण ती पायरी चुकल्याने तुमचाच एक दिवस नुकताच गेलेला असतो. भाषांतरांसाठी वेगळी रिपॉझिटरी आहे आणि तिथे मल्याळमही आहे. मराठीची इच्छा असेल तर आधी कुणी तो विषय काढला आहे का ते पाहा, मग काढा.

प्रत्येक कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ हवी, खऱ्या नावाने आणि ईमेलने. कमिट करताना 'उणे एस' लिहिले की ती आपोआप येते. हा कोड माझा आहे, किंवा तो द्यायचा मला हक्क आहे, असे तुम्ही त्या ओळीने लिहून देता. तेव्हा प्रोग्रामर दिवसा लोअर परळच्या कंपनीत नोकरीला असेल, तर त्याने आपल्या करारातले बौद्धिक संपदेचे कलम आधी वाचावे. पुष्कळ करारांत घरी रात्री लिहिलेला कोडही कंपनीचा धरलेला असतो. लेखी परवानगी घ्यावी. तोंडी चालणार नाही.

सुरक्षेतले भगदाड सापडले तर मात्र उघड मुद्दा टाकायचा नाही. प्रकल्पाच्या सुरक्षा-धोरणात दिलेल्या खाजगी मार्गाने कळवायचे आणि दुरुस्ती येईपर्यंत गप्प राहायचे.

पुल रिक्वेस्ट टाकल्यावर उत्तराला वेळ लागतो. तपासणारी माणसे दुसऱ्या देशांत, आपापल्या नोकऱ्या सांभाळून बसलेली असतात. आठवडाभर थांबा, मग त्याच पानावर एका ओळीत नम्र आठवण द्या. 'हे दोन तुकड्यांत करा' असे कुणी म्हणाले तर वाद न घालता दोन तुकडे करा, मुख्य शाखेवर रीबेस करा, चाचण्या पुन्हा चालवा आणि पाठवा.